हाकेला ओ

...आणि वर साहेब मलाच विचारतात, "मधुसूदन जी, आपने यही वाला टूल क्यों चुना?" का निवडलं म्हणजे? तुम्हीच नाही का माझ्या मानगुटीवर बसलात, निवडा निवडा म्हणून! अख्खा उन्हाळा गेला हो माझा त्यात. लखनऊच्या उन्हाळ्यात लोक दसहरी आंबे निवडतात, मी टूल निवडत होतो... तुम्हाला सांगतो, मुलीसाठी स्थळ बघणं परवडलं! स्थळाला एकदा नकार कळवला की विषय मिटतो, इथे स्थळं सकाळ-संध्याकाळ मेसेज पाठवायची, "सर, डेमो देख लिया? सर, फाइनल समझें?" अरे, काय फायनल समझें, पत्रिका तर जुळू दे!

थांबा, थांबा, तुम्ही म्हणाल हा माणूस कोण आणि हे टूल कसलं... सांगतो. मी मधुसूदन. मूळचा सांगलीचा, पण लखनऊला इतकी वर्षं काढली की आता सांगलीत रिक्षावाल्याला 'भैया' म्हणतो आणि तो मान वळवून माझ्याकडे खालून वर बघतो. कंपनी आमची औषधांची, घाऊक. ऑफिस हजरतगंजला, गोदाम चिनहटला, आणि त्या गोदामात एका थंडगार खोलीत आमचा डेटाबेस. डेटाबेस म्हणजे काय, तर कंपनीची स्मरणशक्ती. बाराबंकीच्या कुठल्या दुकानाला खोकल्याचं औषध किती गेलं, सीतापूरवाल्यानं काय परत पाठवलं, सगळं त्या मशीनला तोंडपाठ. ते बसलं की ट्रक जागच्या जागी उभे आणि ड्रायव्हर सावलीत आडवे. मग त्याची तब्येत बघायला एक डिपार्टमेंट आहे. त्या डिपार्टमेंटचा गेल्या दिवाळीचा फोटो माझ्याकडे आहे. फोटोत मी आहे, आणि काढलाय पण मीच.

तर हे टूल काय करतं? मशीनच्या नाडीवर बोट ठेवून बसतं. पोट गच्च झालंय का, म्हणजे डिस्क भरलीय का. दम लागलाय का. एखादा हिशेब घशात अडकलाय का... आणि काही बिनसलं की हाक मारतं. मग माणसानं बटण दाबून ओ द्यायची. बास. इंग्रजीत त्याला अलर्ट आणि अ‍ॅकनॉलेजमेंट असली भारदस्त नावं आहेत, आपल्याकडे सरळ हाक आणि ओ. आणि इथेच तर घोडं पेंड खातं! हाक मारणारी यंत्रं पैशाला पासरी मिळतात हो... ओ देणारा माणूस आणायचा कुठून?

पहिलं टूल फुकटातलं. आमचे साहेब हरिहर श्रीवास्तव, अतिशय सज्जन, अतिशय गोड, पण 'फ्री' म्हटलं की त्यांचा चेहरा असा उजळतो! "अरे वाह, मुफ़्त है? फिर तो बहुत अच्छा होगा!" लावलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मेलबॉक्सात पूर. मशीन जरा गरम झालं, मेल. मशीन परत थंड झालं, मेल. काही झालेलं नाही, हे कळवायला मेल! सुरुवातीला एकेक वाचत होतो. मग न वाचता पुसायला लागलो. आणि अशाच एका सकाळी पुसता पुसता डिस्क खरोखरच भरल्याची मेलही पुसली. ट्रक उभे, ड्रायव्हर आडवे, आणि साहेब विचारतात, "टूल ने बताया नहीं?" आता काय सांगू? टूलनं बताया हो... सगळंच बताया!

दुसरं अमेरिकन. देखणं, अगदी डोळ्यांत भरावं असं! पडद्यावर आलेख काय, रंग काय, साहेब तर खुर्चीतून उठून उभे राहिले, "मधुसूदन जी, ये तो चिकनकारी है, चिकनकारी!" म्हटलं, साहेब, भरतकाम सुरेख, पण हे हाक कशी मारतं? तर काही बिघडलं की कोपऱ्यात एक ठिपका लाल होतो. बरं. आणि तो ठिपका बघायला? साहेब म्हणाले, "आप बैठिए ना सामने।" म्हणजे मी जेवायचं नाही, आंघोळ करायची नाही, ठिपका बघत बसायचं! अहो, मग मशीनच बघतो की थेट, मध्ये ठिपका कशाला?

आणि तिसरं नोएडाचं. ते विकणारा पोरगा, संग्राम सिंग नाव, कोटटाय घालून जूनमध्ये घामाघूम, म्हणतो, "सर, ये टूल नहीं है, फ़ैमिली मेंबर है।" म्हटलं, बाबा रे, आहेत ते फ़ैमिली मेंबर फोन करत नाहीत. "सर, ये करेगा!" आणि खरंच केला हो. डेमोच्या दिवशी टेबलावर फोन वाजला, उचलला, तर एका बाईचा आवाज, शांत, स्वच्छ, लखनवी... "आदाब मधुसूदन जी, आपकी तवज्जो चाहिए।"

साहेबांना मी जो तक्ता करून दिला ना, त्यात लिहिलं की या टूलची एस्केलेशनची, म्हणजे एकानं ओ दिली नाही तर दुसऱ्याला हाक मारायची, सोय उत्तम, दर वाजवी, सपोर्ट भारतीय वेळेत. सगळं खरंच आहे ते. पण तुम्हाला म्हणून सांगतो... त्या दिवशी दिवसभरात मला आलेला तो एकच फोन होता. माझं नाव घेऊन कुणीतरी म्हणत होतं की तुमच्याकडे काम आहे. मशीनचा आवाज होता, कळत होतं मला. तरी बरं वाटलं. फार बरं वाटलं.

म्हणजे घरी कोण आहे म्हणा! वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत आमचा फ्लॅट. बायको गेली. गेली म्हणजे वारली. ती होती तेव्हा घरात मराठी होती, भांडणं होती, शेंगदाण्याचं कूट होतं. आता कुकर मीच लावतो आणि शिट्ट्या मीच मोजतो. आणि मुलगी, अंतरा, गुरगावला, मोठ्या नोकरीत. जन्म लखनऊचा, शाळा लखनऊची, त्यामुळे मराठी कळतं सगळं, पण मी मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं. बरं, उत्तर तरी कसलं? "बाबा, मीटिंग में हूँ, बाद में करती हूँ।" त्या मीटिंगा कधी संपल्या मला माहीत नाही. मी आपला फोन लावत राहायचो. हाक मारणारी यंत्रं पैशाला पासरी हो, त्यातलंच मी एक... ओ देणारा माणूस आणायचा कुठून?

असो. तर टूल लावायला बसलो. पहिला नंबर, हाक कुणाला? मधुसूदन. भरला. दुसरी चौकट, मधुसूदननं ओ दिली नाही तर कुणाला? मी रिकामी सोडली. टूल म्हणतं, चालणार नाही. दुसरा माणूस पाहिजेच! अरे, पण नाहीये! साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे भाई, हम तो मैनेजमेंट हैं, हमें कहाँ घसीटते हैं!" आणि चहा पाजला. इथे नकार चहाबरोबरच देतात, त्यामुळे तो चटकन लक्षातच येत नाही. कंत्राटी पोरं होती, पण ती दर सणाला नोकरी बदलतात. खालच्या मजल्यावर लीलावतीजी राहतात, बाई देवमाणूस, पण त्यांना सर्व्हर म्हणजे हॉटेलातला वाढपी वाटतो. तुम्हाला सांगतो, एवढं मोठं शहर, मेट्रोसुद्धा आली, आणि मी त्या चौकटीसमोर बसून डोकं खाजवतोय की मी ओ दिली नाही तर पंचाईत कुणाला पडेल?

शेवटी अंतराचा नंबर टाकला. फक्त चौकट भरायला! उद्या बदलू म्हटलं. आणि आपला उद्या कसा असतो, तुम्हाला ठाऊकच आहे.

आता पुढचं नीट ऐका हं, कारण माती इथेच खाल्ली. टूलला मशीनचं नाव द्यावं लागतं. आमचं मशीन फार जुनं, आणि इथे जुन्या वस्तूला म्हणतात 'बाबा आदम के ज़माने का'. म्हणून ऑफिसातली पोरं त्या मशीनला पहिल्यापासून म्हणायची, बाबा. "बाबा धीरे चल रहा है", "बाबा को रीस्टार्ट मार दो"... मीसुद्धा म्हणायचो. टूलमध्येही तेच नाव टाकलं, बाबा. कानाला इतकं बसलेलं की मनात काही आलंच नाही. मला बाबा म्हणणारं लखनऊत उरलंय कोण!

आणि मग मजकूर. टूलचा मूळ मजकूर होता, 'सर्व्हर डाऊन, नो हार्टबीट.' हार्टबीट म्हणजे मशीन थोड्या थोड्या वेळानं 'आहे मी, आहे मी' असं कळवत असतं ना, ते. साहेबांनी वाचला आणि कपाळाला आठ्या. "मधुसूदन जी, ये क्या ज़बान है? डाउन! ये लखनऊ है साहब, यहाँ सर्वर भी गिरेगा तो तहज़ीब से गिरेगा।" आणि स्वतः बसले, चष्मा लावून, आणि सगळे मजकूर शुद्ध, नम्र हिंदीत लिहून दिले. मी वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. म्हणाले, "अब बात बनी।"

बनली! चांगलीच बनली!

रविवार दुपार. मी न्हाव्याकडे. आता माझ्या डोक्यावर केस किती, तुम्ही बघताच आहात, पण तो न्हावी बोलतो हो! कटिंग झाली, दाढी झाली, म्हणाला, "चंपी कर दूँ?" म्हटलं, कर. "चेहरे की मालिश?" म्हटलं, कर! त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाची गोष्ट अर्धी राहिली होती, उठणार कसा? फोन खुंटीवरच्या शर्टात, आणि शुक्रवारच्या मीटिंगपासून मुका करून ठेवलेला.

आणि तिकडे चिनहटला मशीन बसलं. टूलनं मला हाक मारली. परत मारली. बाईचा आवाज शर्टाच्या खिशात गुदमरतोय, आणि इकडे मेव्हण्याची वरात निघालीय! मी ओ देत नाही म्हटल्यावर टूल इमानेइतबारे दुसऱ्या नंबराकडे गेलं. अंतराला फोन. तिनं सवयीनं कापला. मग मेसेज. आता हा मेसेज मी तुम्हाला जसाच्या तसा म्हणून दाखवतो, हसू नका...

"आदाब। बाबा गिर गए हैं। धड़कन नहीं मिल रही। मधुसूदन जी उत्तर नहीं दे रहे। कृपया शीघ्र पधारें।"

तिकडे पोरीच्या हातातला कप पडला म्हणे! तिनं मला फोन लावले, किती लावले विचारू नका. मी चंपीत. मग तिनं लीलावतीजींना लावला. लीलावतीजींनी जिन्यातच हंबरडा फोडला आणि अख्खी बिल्डिंग माझ्या दारात!

मी परत आलो तो डोकं तेलानं चपचपीत, मान हलकी झालेली, मेव्हण्याचं लग्न पार पडलेलं... आणि बघतो तर आमच्या मजल्यावर ही गर्दी! कुलूपवाला कुलपाशी झटतोय, बायका पदर तोंडाला लावून उभ्या. कुणाच्या घरी काय झालं म्हणून मी मागून टाचा उंच करून बघतोय. पुढच्या गृहस्थांना विचारलं, "क्या हुआ भाईसाहब?" ते न वळताच म्हणाले, "अरे वो महाराष्ट्र वाले थे ना... नहीं रहे। अकेले पड़े थे बेचारे।" म्हटलं, अरेरे! खरंच म्हटलं हो! म्हटलं, आपल्या बिल्डिंगमध्ये दुसरा महाराष्ट्रवाला होता आणि आपल्याला पत्ता नाही, ओळख तरी झाली असती! तर ते म्हणतात, "बड़े भले आदमी थे।" दुसरा म्हणतो, "कभी ऊँची आवाज़ नहीं सुनी।" तिसरा हळूच विचारतो, "मकान अब किराए पर उठेगा क्या?"

तोवर कुलूप निघालं, दार उघडलं, आणि दिसला माझा सोफा! माझी टोपी! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की भला आदमी म्हणजे आपणच. मी म्हटलं, "अजी, मैं तो यहाँ हूँ!" लीलावतीजींनी मागे वळून बघितलं आणि अशी किंचाळी ठोकली, अशी किंचाळी ठोकली... मग रागावल्या, मग रडल्या, मग घरात नेऊन शिरा खायला घातला. इतकी वर्षं राहतोय त्या बिल्डिंगमध्ये, मी भला माणूस आहे हे त्या दिवशी कळलं. त्यासाठी आधी मरावं लागलं, एवढंच.

फोन काढला, अंतराला लावला, बंद. परत लावला, बंद. का बंद? तर ती विमानात! मिळेल ते तिकीट काढून निघाली होती पोरगी. आणि मी आपला घरात फेऱ्या मारतोय, तासभर ती वर आभाळात असेल आणि तासभर तिचा बाप मेलेला असेल, आणि मला खालून ओरडून सांगताही येत नाही की अगं, मी आहे, आहे मी...

आली. अमौसी विमानतळाहून टॅक्सीनं. दार उघडंच होतं. मी समोर उभा. तिनं मला बघितलं. खांद्यावरची बॅग काढली आणि माझ्या अंगावर फेकली, जड होती हो! आणि मग येऊन गळ्यात पडली, सगळं तेल तिच्या गालाला, आणि काय म्हणाली माहितीय? "असं करतात का हो, बाबा? असं करतात का?"

मराठीत! माझ्या कानांवर विश्वास बसेना. आई गेल्यापासून त्या पोरीच्या तोंडून मी एक मराठी वाक्य ऐकलं नव्हतं. मी रडलो हो. अगदी सरळ रडलो, तुमच्यापासून काय लपवायचं? मोठ्यानं रडलो.

तेवढ्यात फोन. साहेब! "मधुसूदन जी, बाबा का क्या हुआ? उठे कि नहीं?" अंतरानं मान वर केली. म्हणाली, "यह किसकी बात कर रहे हैं?" मी म्हटलं, अगं, सर्व्हरची. "सर्वर का नाम बाबा है?" हो. "धड़कन सर्वर की नहीं मिल रही थी?" हो. मला वाटलं आता दुसरी बॅग येते. पण ती जी हसायला लागली, सोफ्यावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर... आणि बाबा तिकडे चिनहटला पडलेलाच! या सगळ्या गोंधळात त्याला बटण दाबून उठवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ट्रक उभे, ड्रायव्हर आडवे. रात्रीच्या वॉचमनला फोन करून बटण दाबायला लावलं शेवटी.

दोन दिवस राहिली. पिठलं केलं मी, तिनं चाटून पुसून खाल्लं. फ्रिज साफ केला, मला ओरडली, आईच्या साड्यांना ऊन दाखवलं. निघताना म्हटलं, "तुझा नंबर काढून टाकतो गं त्यातून, उगाच घोर तुला." तर म्हणाली, "नहीं, मेरा ही रहने दो।" आणि माझा लॅपटॉप पुढ्यात ओढून स्वतः बसली. मशीनचं नाव बदललं. मग काहीतरी शोधत राहिली आणि एका चौकटीवर टिक केलं. म्हटलं, काय केलंस? तर त्या टूलमध्ये अशीही एक सोय आहे म्हणे, रोज सकाळी खुशालीचा मेसेज जातो. "अब मुझे रोज़ पता चलेगा, बाबा। टेंशन नहीं रहेगी।" मी म्हटलं, गुणाची गं पोर माझी.

पहिले काही दिवस रोज फोन, अर्ध्या मराठीत! "जेवलात का बाबा, दवाई ली?" मग एक दिवसाआड. मग साहेबांनी झटका आल्यासारखं जुनं मशीन भंगारात काढलं आणि नवं घेतलं. आणि नवं इतकं ठणठणीत, इतकं ठणठणीत की पडायचं नावच घेत नाही! पोट साफ, श्वास नियमित, धडधड घड्याळासारखी. टूलमधली ती बाई गप्प. मला हाक नाही, अंतराला हाक नाही. तिला फक्त रोज सकाळी साहेबांच्या शुद्ध भाषेतली मशीनची खुशाली, "आदाब। सब कुशल मंगल है।"

परवा मीच लावला फोन. म्हटलं, आवाज तरी ऐकू. उचलला. "बाबा, मीटिंग में हूँ। आप ठीक हो ना? हाँ हाँ, सुबह मेसेज आया था, सब कुशल मंगल है। चलो, बाद में करती हूँ।" आणि ठेवला.

एकशे दोन ताप होता हो मला!

पण म्हटलं, जाऊ द्या... टूल म्हणतंय ना कुशल मंगल, मग असेल. तीन तीन टूल्स घासून पुसून मीच निवडलंय ते, ते कशाला खोटं बोलेल?